खोडीची पानं

मूल खोड्या करतं, ही बातमी काही शहाण्या माणसांपर्यंत अजून पोचलेलीच नाही. त्यांतलेच एक हे मुख्याध्यापक. पहिलीच्या वर्गासाठी चित्रांची पुस्तकं आली, ती मुलांच्या आधी सरांनीच चाळली. एका पुस्तकातला मुलगा चक्क कागदाच्या होडीला इस्त्री करायला जातो, चादर जाळतो आणि पलंगाखाली लपून बसतो!

"संस्कारांचा पार बट्ट्याबोळ!" सर गरजले. मग या विद्वानांनी काय करावं? स्टेपलर घेतला आणि खोडीची पानं एकमेकांना टाचून टाकली! आता त्या होडीच्या पुस्तकात पहिल्या पानावर गुणी मुलगा, शेवटच्या पानावर त्याला कुशीत घेतलेले बाबा, मधे काही नाही. पोरं ती पानं वरून फाकवून, एक डोळा मिटून आत डोकावू लागली. झाकलं की पोरं आधी तेच बघतात, एवढीही अक्कल या उपदेशकांना नसते.

शेवटी पहिलीच्या बाईंनी पिना उपटल्या आणि वर्गाला तेच पुस्तक वाचून दाखवलं. "बाबा पलंगाखाली वाकले आणि म्हणाले, 'आधी हात दाखव बघू. भाजलं का?'"

पहिल्या बाकावरची मुलगी एकदम हुंदके देऊ लागली. ही सरांची नात. शाळेत सगळ्यांना जिचा दाखला दिला जाई, ती! परवापासून तिच्या हाताला रुमाल होता. खेळताना खरचटलं, असं तिने घरी सांगितलं होतं आणि कुणाला हात लावू देत नव्हती. बाईंनी हळूच रुमाल सोडला. तळहातावरचा फोड फुटून चिघळला होता.

"मी गॅसवरचं भांडं उचलायला गेले. आजोबांना सांगू नका ना, बाई!"

तेवढ्यात आजोबाच दारात. "बाई! कुणाला विचारून उघडलीत ती पानं? उद्या ही कार्टी घरं पेटवतील!"

"सर, तुमच्या नातीने हे पुस्तक आज पहिल्यांदा ऐकलं. हात परवाच भाजलाय. खोडी तिला कुणी शिकवावी लागली नाही. लपवायला मात्र आपण शिकवलं."

सरांनी तो तळहात पाहिला. ते तिच्यासमोर खाली बसले. "फार दुखतंय का गं?"

नात दोन पावलं मागे सरकली. "आजोबा, आधी रागावून घ्या. मग सांगते."

अरेरे! एवढ्याशा जिवाने हे म्हणावं! सरांना रडू आवरेना. "नाही गं रागावणार. चल, आधी डॉक्टरांकडे जाऊ," म्हणत त्यांनी तिला उचललं. जाता जाता बाईंना म्हणाले, "सगळ्या पुस्तकांच्या पिना काढा. चुकलंच माझं."

तेव्हा मंडळी, तुमच्या घरातलं मूल कधीच काही सांडत नसेल, फोडत नसेल, तर गावभर कौतुक सांगत सुटू नका. आधी जरा बघा: ते खोड्या करत नाही, की नुसतं तुम्हाला सांगत नाही?