सोनईच्या बाजारातलं निःपक्षपाती यंत्र

सोनईच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा जास्त गर्दी कॉम्प्युटरला होती. कॅमेऱ्यासमोर बसायचं, की प्रिंटर करकरत तुमचा स्वभाव छापून बाहेर ढकलणार!

"मानूस पक्षपात करील," मालक बन्सी माइकवर ओरडत होता, "पन या यंत्राला ना जात, ना भावकी! तोंड बघून काळीज वाचतंय!"

आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा पुष्पावतीकाकूंना हे फार पटलं. मंडळाच्या बालवाडीत ताई म्हणून बौद्धवाड्यातल्या भारतीला घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, पण काही जणी कुरकुरत होत्या. "यंत्रच सांगू दे," काकू म्हणाल्या, "म्हंजे कुनी बोलायला नको."

भारती कांदे काढून उन्हातून तशीच आली, बसली. कागद आला : 'अविश्वासू. मुले सोपवू नयेत.'

कुरकुरणाऱ्या खूश झाल्या. आम्ही बाकीच्या गप्प बसलो, ते जास्त वाईट. "बघू पुढल्या वर्षी," म्हणत काकूंनी मान वळवली.

पाठोपाठ गिरणीवाला छगन बसला, केसांपासून पायांपर्यंत पिठात माखलेला. 'अत्यंत प्रामाणिक. तिजोरी सोपवावी.' बाजार खो खो हसला. दळणातलं पीठ छगन काढून ठेवतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

शाळेतल्या कृपाबाई मात्र हसल्या नाहीत. "छगनराव, तोंड धुऊन या बरं."

"का वो बाई, दिवाळी हाय का आज?"

धुतल्यावर आतला काळासावळा छगन बाहेर आला. यंत्र म्हणालं, 'अविश्वासू.' मग बाईंनी चहावाल्याची पांढरी बशी कॅमेऱ्यापुढे धरली. 'अत्यंत प्रामाणिक.'

"हे मोजतंय तरी काय?" बाईंनी विचारलं.

बन्सीनं माइक बंद केला. "तोंड किती उजळ दिसतंय, तेवढंच. फुडचे शब्द म्याच घातलेत."

"भारती," काकू घाईनं म्हणाल्या, "जरा पीठ लावून पुन्यांदा बस गं. चांगला कागद आला की मंडळात दाखवता येईल."

"न्हाई लावायची, काकू. मशिनीनं मला आज बघितलं. तुमी लहानपनापासून बघताय. तुमचा नातू तापानं फणफणला, तवा कुनाच्या मांडीवर दिल्ता?"

काकूंचे डोळे भरले. "सोमवारपासनं ये, पोरी."

"इचार करून सांगते," म्हणून भारती चालू लागली.

यंत्राला जात नसते, खरंच. पण त्यात शब्द घालणाऱ्या माणसाला डोळे असतात, आणि डोळ्यांना सवयी. म्हणून कुणी 'यंत्र सांगतंय' म्हटलं, तर आधी विचारा : ते मोजतंय काय आणि शब्द कुणाचे? एवढं साधं आम्ही बायकांनी विचारलं नाही. आलेलं उत्तर आम्हाला सोयीचं होतं.