बाल्कनी रिकामी करताना

बाईंनी वीस वर्षं पुलांची आणि इमारतींची थरथर मोजली होती, पण त्या थरथरीविषयी त्या बोलल्या त्या फक्त विद्यार्थ्यांशी आणि परीक्षकांशी. यंदा विद्यापीठानं ठरवलं की प्राध्यापकांनी आपलं संशोधन लोकांमध्ये जाऊन सांगायचं. विभागप्रमुख म्हणाले, "माझ्या सासूबाईंना कळेल असं बोला. त्यांना डुलकी लागली तर तुम्ही नापास."

व्याख्यान वाचनालयाच्या जुन्या सभागृहात होतं. दुपारी तीनलाच बाईंनी जेवणाच्या डब्याएवढं यंत्र बाल्कनीच्या मधल्या पायरीवर ठेवलं आणि तार मंचापर्यंत आणली. रिकाम्या बाल्कनीचा ठेका मोजला. सेकंदाला पाच झोके. डोळ्यांना न दिसणारे, पण यंत्राला कळणारे.

पाचला सभागृह भरलं. बाल्कनीत सव्वाशे माणसं होती. पहिल्या रांगेत बाईंची थोरली बहीण, दुखऱ्या गुडघ्यानं एकेक पायरी चढून गेलेली. वरून तू नीट दिसशील, म्हणाली होती.

सुरुवातीला बाई अडखळल्या. मग पडद्यावर यंत्राची हिरवी रेघ उमटली आणि त्यांनी सांगितलं, "वरच्या मंडळींनी एकदा जोरात पाय आपटा." रेघ उसळली, लोक हसले. त्यांनी आणखी दोनदा आपटायला लावले. भीड चेपली.

तेवढ्यात त्यांचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेलं. सेकंदाला सव्वातीन झोके. माणसांच्या वजनानं ठेका मंदावतोच, पण चारच्या खाली जाऊ नये असा त्यांचा अंदाज होता. त्या पुढे बोलत राहिल्या, डोळे मात्र आकड्यावर. दहा मिनिटांनी तीनच झोके. मधे कुणी वर गेलं नव्हतं, कुणी खाली आलं नव्हतं. तेवढ्याच माणसांखाली ठेका मंदावतोय, म्हणजे आत काहीतरी सैल होतंय. आणि पाय आपटायला आपणच सांगितलं.

"पळा" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण जिने दोनच, तेही एका माणसापुरते रुंद. सव्वाशे माणसं एकदम उठली तर त्या धक्क्यानंच सगळं खाली येईल.

"आता प्रयोगाचा दुसरा भाग," त्या म्हणाल्या. आवाज आपला वाटत नव्हता. "बाल्कनीखाली बसलेल्यांनी आधी पुढे मंचाजवळ यायचं. मग वरच्यांनी उतरायचं. मागची रांग पहिली. पाऊल मांजरीसारखं टाकायचं. रेघ हलली तर तुम्ही हरलात."

लोकांना मजा वाटली. व्यवस्थापक मात्र धावत मंचाशी आले. "मॅडम, एवढ्यांना बसवू कुठे? खुर्च्या नाहीत माझ्याकडे."

बाईंनी माइकवर हात ठेवला. "बाहेरची सगळी दारं उघडा. का ते नंतर विचारा."

त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि ते दारांकडे वळले.

रांगा उतरू लागल्या. जिने मागे होते, त्यामुळे पुढची रांग शेवटी राहणार होती, आणि सगळ्यात जास्त ताण पुढच्याच रांगेचा. बाई मनात माणसं मोजत होत्या. कुठूनतरी बारीक माती मंचाच्या दिव्याच्या झोतात तरंगत आली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी बहीण एकटीच उरली. ती हात हलवून म्हणाली, "मी बसते गं इथेच. माझ्या एकटीनं तुझी रेघ काय हलणार?"

"ताई, खाली ये."

"अगं, गुडघा..."

"ताई."

बहिणीनं एकदा बाईंकडे निरखून पाहिलं. मग कठडा धरून उठली. व्याख्यानाला आलेल्या, जिन्याच्या तोंडाशी थांबलेल्या एका गवंड्यानं तिला आधार दिला. एकवीस पायऱ्या. बाईंनी तिचं प्रत्येक पाऊल मोजलं.

आता बाल्कनी रिकामी होती. दुपारी अशीच रिकामी असताना पाच. आता आकडा साडेतीन.

तेव्हा बाईंनी खरं सांगितलं. "हा प्रयोग नव्हता. बाल्कनी धोक्याची आहे. कुणी घाई करू नका, पण सगळे बाहेर चला."

लोक एकामागून एक दारांकडे निघाले. सगळे बाहेरच्या मैदानात आल्यावर कुणीतरी रडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी अभियंत्यांनी गिलावा फोडला. तीन लोखंडी तुळयांपैकी मधलीचं भिंतीतलं टोक गंजून पापुद्रे झालं होतं. हातानं निघत होते. सभागृहाला कुलूप लागलं.

तिसऱ्या दिवशी चहा ओतताना बहीण म्हणाली, "सगळ्यांदेखत खोटं बोललीस."

"खरं सांगितलं असतं तर सगळे पळाले असते."

"मला पळता येत नाही."

"माहीत होतं."

बहिणीनं कप बाईंपुढे सरकवला. बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला.