हात दिसू देऊ नकोस

मावशी आमची सख्खी, आईच्या पाठची. परकी असती तर तिच्या नावाने बोटं मोडून मोकळी झाले असते. पण हिच्याच मांडीवर मी खेळले, म्हणून जास्त चीड येते. चांगली नोकरी आहे, राहायला खोली आहे, असं गोड गोड बोलून तिने मला इथे आणलं आणि केसाने गळा कापला.

नोकरी म्हणजे कोळंबी सोलायची. बर्फात हात घालायचे, डोकं मोडायचं, पाठीतला काळा दोरा ओढून काढायचा. बोटांची सालं निघतात, नखं काळी पडतात. शेडला बाहेरून कुलूप, आमची कागदपत्रं मालकाच्या कपाटात. घरी जायचं नाव काढलं की जेवण बंद.

रविवारी मात्र आमचा थाट विचारू नका. ऑफिसमागे एक खोली सजवून ठेवली आहे. पलंगावर नवी चादर, वर पंखा. एकेकीने तिथे बसून घरी व्हिडिओ कॉल करायचा. बरा ड्रेस एकच, तो आळीपाळीने घालायचा. मावशी फोन धरून समोर उभी राहणार आणि आम्ही हात उशीखाली घालून गोड हसणार. "हात दिसू देऊ नकोस," एवढीच तिची ताकीद.

त्या रविवारी आई भलतीच खुशीत होती. परवा मावशीचा माणूस धाकटीला न्यायला येतोय, म्हणाली. मागे धाकटी गुणगुणत बॅग भरत होती. मग म्हटलं, गेलं खड्ड्यात, होईल ते होईल. कुलूप, कागदपत्रं, उपासमार, सगळं धडाधड सांगून टाकलं आणि उशीखालचे दोन्ही हात काढून फोनसमोर धरले.

"आई, हे बघ. तिला पाठवू नकोस."

मावशीने फोन बंद केला नाही. शांतपणे धरून उभी राहिली.

आईने आपले हात वर केले. जन्मभर हॉटेलातली भांडी घासलेले, भेगाळलेले.

"माझे काय वेगळे आहेत? कामाने हात असेच होतात," ती म्हणाली. "मावशी बोललीच होती, मोठी मोडता घालेल म्हणून. बहिणीचं बरं झालेलं बघवत नाही का गं तुला?"

कुलुपाचं विचारलं तर म्हणे, तुम्हा पोरींच्या भल्यासाठीच असतं ते. मला आईचा इतका राग आला, इतका राग आला, काय सांगू.

धाकटी आली ती माझ्यावर रुसूनच. आईला रडवलंस, म्हणाली. त्या कॉलपासून माझं जेवण बंदच होतं, उठताना भिंतीचा आधार लागायचा. ते पाहिलं, मागे दार बंद झालेलं पाहिलं, आणि तिचा रुसवा कुठल्या कुठे गेला. माझ्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली.

पुढच्या रविवारी मावशीने आम्हा दोघींना पलंगावर शेजारी शेजारी बसवलं. धाकटीला आधीच बजावलं होतं, एक शब्द वाकडा गेला तर ताईला आणखी उपाशी ठेवू. मी तिचा दंड दाबत होते, सांग गं, तुझं तरी ऐकेल आई. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोनकडे बघून असं हसली, असं हसली, की आईचा जीव भांड्यात पडला.

"बघ," आई मला म्हणाली, "शीक जरा हिच्याकडून."