एकोणीस मिलिमीटर

खाणीच्या कड्यावर बारा आरसे ठोकलेले होते. समोरच्या, किलोमीटरभर दूर असलेल्या टेकाडावरून मोजणीदार रोज त्यांच्यावर किरण सोडायचा. किरण जाऊन परत यायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र अंतर सांगायचं. कडा सुटून पुढे सरकायला लागला, तर अंतर घटणार आणि ते आधी तिथे कळणार. खाली डंपर धावायचे, त्यातला एक भाऊजींचा, म्हणजे त्याच्या ताईच्या नवऱ्याचा. या नोकरीला त्यांनीच त्याला चिकटवलं होतं.

त्या दुपारी सातव्या आरशाचं अंतर सकाळपेक्षा एकतीस मिलिमीटरने कमी भरलं. त्याने पुन्हा मोजलं. तेच.

साहेबांनी कागद पाहिला न पाहिला आणि म्हणाले, हा उन्हाचा प्रताप. तापलेली हवा विरळ होते, तिच्यातून प्रकाश किंचित वेगाने जातो, लवकर परततो आणि यंत्राला वाटतं अंतर घटलं. यात खोटं काहीच नव्हतं. मोजणीदाराने तोच हिशेब मांडला होता. किलोमीटरला दर अंशामागे साधारण एक मिलिमीटर. सकाळपासून पारा बारा अंश चढला होता, म्हणजे बारा मिलिमीटर उन्हाचे. उरलेले एकोणीस कुणाचे?

कड्याजवळची हवा जास्त तापली असेल, साहेब म्हणाले. एकतीस अंशांनी? हे ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. महिन्यापूर्वी त्याच्या सांगण्यावरून काम दोन दिवस बंद ठेवलं होतं आणि कडा ढिम्म हलला नव्हता. तेव्हापासून सगळी खाण त्याला 'भागूबाई' म्हणायची. भाऊजीसुद्धा, हसत हसत.

शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'तापमानामुळे फरक', आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कडा कोसळला. तीन डंपर गाडले गेले. भाऊजी हाती लागायला चार दिवस लागले.

चौकशीत साहेबांनी नोंदवही पुढे केली. मोजणीदाराने हात झटकले नाहीत. हिशेबाचा चिटोरा टेबलावर ठेवला आणि काय काय झालं ते सांगितलं. साहेबांची बदली झाली, त्याची नोकरी गेली.

ताईला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून तो जबाब दिला त्याच दुपारी तिच्याकडे गेला. ती भाऊजींचे कपडे खोक्यात भरत होती. ऊन, हवा, प्रकाश, सगळं त्याने सांगितलं. ती कपडे भरत राहिली. मग विचारलं, "सगळा फरक उन्हाचा नाही, हे तुला त्याच दिवशी ठाऊक होतं?"

"हो."

"त्या रात्री तू इथेच जेवलास. त्यांच्या शेजारी बसून."

ताईने एका शर्टाची घडी मोडली, पुन्हा नीट घातली, खोक्यात ठेवली.

"उन्हातून आलात," ती म्हणाली. "पाणी हवंय का तुम्हाला?"

जन्मात कधी ताई त्याला 'तुम्ही' म्हणाली नव्हती. नको म्हणून तो बाहेर पडला. तिने दार लावून घेतल्याचा आवाज त्याला जिन्यात ऐकू आला.