घागरीवरची कैरी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दुपारी तापीकाठच्या प्रकाशा गावात सिंधुबाईंच्या ओट्यावर इतकं सामान होतं: लाल मातीची एक घागर, तिच्यावर ठेवायचं एक डांगर, म्हणजे खरबूज, फडक्याखाली झाकलेल्या बारा सांजोऱ्या आणि पाण्याने भरलेली एक बादली. बादलीत वीस आंबे होते. सतरा तरंगत होते, तीन बुडाले होते.

रसाचे आंबे आधी भिजवायचे, म्हणून रूपालीने ते पाण्यात टाकले होते. सणासाठी ती माहेरी आली होती. शहाद्याला ती शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे बादलीकडे पाहून तिचा हात थांबला. झाडावर पुरता भरलेला आंबा पाण्यापेक्षा जड असतो, तो तळाशी जातो. हे पिवळेधमक होते आणि तरीही वर.

"भाऊ, तुन्हा आंबा तापीमा टाकात ते पोहत पोहत गुजरातमा जातीन," ती म्हणाली.

नवनीतला हसू आलं नाही. वडिलांनी लावलेल्या झाडांवरून हे आंबे त्यानेच उतरवले होते. वडिलांना, हिलालआप्पांना, जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. उद्या त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची होती आणि तिच्यावर दोन पिकले आंबे हवे होते. घरातला पहिला आंबा गेलेल्या माणसांचा. तो घागरीवर चढेपर्यंत सिंधुबाईंनी, या घरात सून म्हणून आल्यापासून, कधी आंबा चाखला नव्हता. त्यामुळे या आंब्यांची चवही त्यांना ठाऊक नव्हती.

त्यांनी एक आंबा कापला. वरून हळदीसारखा, आत पांढरा. कोय इतकी कोवळी, की सुरी तिच्यातून आरपार गेली. आढी कशाने घातली, असं त्यांनी विचारलं. नवनीतने खाली मान घालून सांगितलं, की गवतात कार्बाइडच्या पुड्या ठेवल्या. झाडाला अजून पाड लागलाच नव्हता. झाडावर पिकून आपोआप गळणारा पहिला आंबा म्हणजे पाड. तो गळेपर्यंत आढीसाठी झाडाला हात लावायचा नाही, हा आप्पांचा शिरस्ता होता.

"माय, बजारमा समदाच असं करतस," नवनीत म्हणाला. "आखाजी झायी का आंबाले कोन इचारस?"

सिंधुबाईंचा आवाज चढला नाही. "आंबा पिकना नही, बेटा. तुनी त्याले निस्ता रंग दिधा. आखाजीपर्यंत आंबा खावाना नही, हाई देवसाठे नही, झाडसाठे शे. कोनी खात नही म्हनीसन कोनी तोडत नही."

रूपाली आईकडे बघतच राहिली. हा नियम तिने लहानपणापासून पाळला होता, पण त्याचं कारण कधी विचारलं नव्हतं. फळाला भरायला वेळ मिळावा म्हणून अख्ख्या मुलखाने जिभेला घातलेला तो लगाम होता!

"मंग सकाय घागरवर काय ठेवानं?" नवनीतने विचारलं.

"कैरी. खोटा पिकेल आंबापेक्षा खरी कैरी चांगली."

नवनीत तसाच उठला. आप्पांच्या आठवणीने गल्लीतल्या चार घरी त्याने रसासाठी आंबे वाटले होते. उद्या त्या घरांतली पोरं तो रस वाट्या भरभरून पिणार होती. प्रत्येक दारात उभं राहून, पुडीची गोष्ट सांगून त्याने आंबे परत मागितले. तीन घरांनी मुकाट्याने दिले. धुडकूकाकांनी मात्र पिशवी हातात देताना टोला मारलाच, "आते कोय लेवाले कव्हय यीशी?" पण मागोमाग पाठीवर हातही ठेवला. ते सगळे आंबे आणि घरातली आढी नवनीतने शेतात खड्डा करून पुरली.

सकाळी घागरीवर डांगर, सांजोरी आणि झाडावरून उतरवलेल्या दोन हिरव्या कैऱ्या चढल्या. नवनीतने हात जोडले आणि पाड लागला की आंबा आणीन, असं आप्पांना सांगितलं. जेवायला खापरावरची पुरणपोळी होती आणि रसाच्या जागी कैरीचं पन्हं. सिंधुबाईंनी पहिला घोट घेतला आणि झाडं लावून गेलेल्या माणसाचं नाव घेतलं.

वाचकहो, आपल्या वाडवडिलांनी सणावारांच्या नावाखाली जमिनीचं नि झाडांचं वेळापत्रक आपल्या स्वाधीन केलं आहे. कधी काय खावं आणि कधी थांबावं, हे त्यात आहे. त्यांचे उपकार मानायचे असतील तर बाजाराची घाई आपल्या ताटात येऊ देऊ नये. ऋतूचं ते ऋतूत खावं.

पुढे एका पहाटे वडिलांच्या झाडाखाली पाड सापडला. नवनीतने मगच आंबे उतरवले, नुसत्या गवतात आढी घातली आणि रूपालीला बोलावून घेतलं. तीच बादली, तितकंच पाणी. तिने मोजून वीस आंबे टाकले.

अठरा बुडाले, दोन तरंगले.