कळकलेलं पान

श्रुतिका भांडत नाही, ही जानकीबाईंची सुनेबद्दलची एकमेव आणि फार मोठी तक्रार होती.

टोमणा मारा, ती हसते. खोड काढा, "बरं आई" म्हणते. अशा माणसाबरोबर एका घरात राहायचं तरी कसं? खालच्या मजल्यावरच्या चंपाने तर भीतीच घातली होती. "माझी सून पण अश्शीच होती गो. चार वर्षांत शब्दाला शब्द नाही. आणि एक दिवस टेम्पो आला, सामान भरलं, दोघं ठाण्याला. तू सांभाळ." तेव्हापासून भांडुपच्या त्या सोसायटीत टेम्पोचा हॉर्न वाजला की जानकीबाई आधी खिडकीशी जात.

त्यात ती वही. अंधेरीच्या ऑफिसातून आली की श्रुतिका वही उघडून बसायची. आधी पेनाने भराभर लिहायचं, मग त्या लिखाणावर तांब्याची पूड घातलेला रंग फासायचा. दोन-चार दिवसांनी सवड झाली की जाळीदार स्टेन्सिल ठेवून वरून कसल्याशा बाटलीतलं पाणी फवारायचं. दुसऱ्या दिवशी जाळीच्या भोकांपुरता तांब्यावर हिरवानिळा गंज चढलेला, आणि त्याची नक्षी झालेली.

"मनातलं सगळं लिहायचं आणि झाकून टाकायचं, आई. मोकळं वाटतं," असं तिने एकदा सांगितलं होतं.

तेव्हापासून जानकीबाईंची झोप उडाली. मनातलं म्हणजे कोणाबद्दलचं? घरात माणसं तीन. पैकी सुशांतबद्दल लिहिण्यासारखं काही नव्हतंच, तो त्यांचा स्वतःचा मुलगा असला तरी हे त्या मान्य करत.

मंगळवारी तर कहरच झाला. पाहुण्यांसमोर जानकीबाई बोलून गेल्या, "आमटी पांचट झाली गो. आईने शिकवली नाय वाटता!" श्रुतिका हसली. पाहुणे गेल्यावर तिने वही घेतली आणि चांगलं दीड पान लिहिलं. त्यावर रंग फासला, वही फळीवर ठेवली आणि भांडी घासायला गेली.

दीड पान! चंपाच्या सुनेनेही टेम्पो आणायच्या आधी काहीतरी लिहिलंच असणार.

बुधवारी अकराच्या सुमारास घरात कोणी नव्हतं. जानकीबाई सोलकढीसाठी आगळ काढत होत्या. कोकमाच्या त्या खारट-आंबट रसाने बोटं लाल झालेली, आणि समोर देवाचा तांब्या, आत्ताच त्या रसाने घासून लख्ख केलेला. त्यांनी तांब्याकडे पाहिलं, मग फळीवरच्या वहीकडे. तांबं ते तांबं. भांड्यावरचं डाग-किटण निघतं, तर कागदावरचं का निघू नये?

कालच्या पानावर आगळ चोपडून, वर चिमूटभर मीठ टाकून त्यांनी ते घासलं. तांबं झकास उजळलं. त्याखाली अक्षरांच्या रेघा हाताला लागल्या, पण वाचता येईल असा एक शब्द उघडा पडेल तर शपथ. शेवटी पान पदराने टिपून त्यांनी वही जागेवर ठेवली.

चार वाजता सहज म्हणून पुन्हा उघडली, तर पानावर तीन बोटं आणि एक पंजा, हिरवागार. वाट लागली! बिनकल्हईच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, हे ज्या बाईने उभा जन्म आल्यागेल्या सुना-लेकींना सांगितलं, तिनेच पान कळकवून ठेवलं होतं.

पण जानकीबाई डगमगणाऱ्या नव्हत्या. रांगोळीचे छाप त्यांनी हजार मारले होते. श्रुतिकाच्या डब्यातली पानाफुलांची जाळी काढून त्यांनी पंजावर ठेवली आणि कापसाने आगळ टिपत सुटल्या. संध्याकाळपर्यंत पंजाची वेल झाली. खरं सांगायचं तर सुनेच्या नक्षीपेक्षा उजवी झाली.

श्रुतिकाने वही उघडली, नाकाशी नेली, आणि एवढंच म्हणाली, "अरे वा." खाई त्याला खवखवे. त्या रात्री जानकीबाईंना सोलकढी गिळवेना.

शनिवारी सून एक नवी वही घेऊन आली. "आई, ही तुमची. हवं ते लिहा, वर हा रंग लावा. कोणी वाचणार नाही."

जानकीबाईंनी दार लावून लिहिलं, चार ओळीच. तांबं फासलं आणि वही मुद्दाम त्याच फळीवर, सुनेच्या वहीशेजारी ठेवली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी वही काढली आणि त्यांचे डोळे चमकले. कोपऱ्यात एक नाजूक, हिरवा अंगठा उमटला होता.

"काय गो! माझ्या वहीक हात लावलंस?"

"नाही लावला."

"मग हा अंगठा काय सुशांतचो?"

श्रुतिका लाल झाली. "आणि तुम्ही लावलात तेव्हा? सगळं पान कोकमाचा वास मारत होतं!"

"मी सासू आसंय!"

"म्हणून काय झालं? पांचट आमटी म्हणता, तेही पाहुण्यांसमोर! आणि तुमची कढी? कढी आहे की मढचा समुद्र? दीड पान मी फक्त त्या कढीतल्या मिठावर लिहिलं होतं! चार वर्षं गिळतेय!"

सुशांत बातम्या बंद करून बाल्कनीत निघून गेला. जानकीबाईंचा आवाज चढला, श्रुतिकाचा त्याहून वर गेला. आमटी झाली, कढी झाली, ओल्या टॉवेलांचा विषय निघाला. शेवटी धापा टाकत श्रुतिकाने विचारलं, "सांगा ना, तुम्ही काय लिहिलंय त्या चार ओळींत? मी घासून घासून थकले."

जानकीबाई खुर्चीत बसल्या. "देवाक लिहिलंय. म्हटलं, हिका एकदा तरी माझ्याशी भांडू दे. न भांडता गेली, तर मी काय करू?"

श्रुतिका शेजारी येऊन बसली. "कुठे जाणार मी? अजून टॉवेलांचं संपलं नाहीये."

"थांब जरा," म्हणत जानकीबाईंनी फोन उचलला.

"चंपा, ऐकलंस? सून भांडली गो माझी!"

"ऐकलं," चंपा म्हणाली, "सगळ्या बिल्डिंगने ऐकलं."