नव्याच्या सणाचे शिंग

मित्रांनो, मी मेंढ्याचे एक जुने शिंग आहे. पाथर्डीच्या माळावर गोरक्ष धनगराचा एक दांडगा मेंढा होता, त्याच्या डोक्यावर मी वाढले. तो म्हातारा होऊन मेला, तेव्हा गोरक्षने मला नगरच्या एलोजी झिराडकरांना दिले.

एलोजी रेल्वेत गार्ड होते. ते बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. त्यांनी मला निखाऱ्यावर शेकले, तापल्या सळईने टोकाला भोक पाडले आणि घासून गुळगुळीत केले. नगरात त्यांच्या समाजाची घरे मोजकीच. नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांच्या वर्षारंभाला, सगळे एलोजींच्या ओसरीवर जमत आणि एलोजी मला फुंकत. माणसे श्वास रोखून ऐकत. शेजारच्या रोशनबीसुद्धा जाते थांबवून दारात येत.

१९४० साली एलोजींना दम्याने गाठले. सण तोंडावर आला आणि त्यांच्या फुंकरीने माझ्यातून नुसती हवा निघू लागली. बाकी कुणाकडून मी वाजेना.

"शिंगावाचून नवं वर्ष लागलंसं वाटणार नाही," एलोजी म्हणाले.

त्यांच्या पत्नी मलकाबाई दवाखान्यात नर्स होत्या. तेथे डॉक्टर हिर्श नुकतेच कामाला लागले होते. ते जर्मनीतून जीव वाचवून आले होते. पण युद्ध पेटताच, जर्मन म्हणून, इंग्रज सरकारने त्यांना नगरच्या छावणीत डांबले होते. सुटून आलेले हे डॉक्टर एकदा पाणी पिण्याआधी काही पुटपुटले. मलकाबाई जागीच थबकल्या. ती प्रार्थना त्या लहानपणापासून म्हणत आल्या होत्या; म्हणजे डॉक्टरही ज्यूच. त्यांनी डॉक्टरांना सणाला बोलावले.

नऊवारीतल्या बायका पाहून डॉक्टर आधी बावरले. एलोजींनी मला त्यांच्या हाती दिले आणि धापा टाकत पहिल्या सुराचे हिब्रू नाव पुकारले, "तकिया."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी मला फुंकले. लांब, अखंड सूर निघाला. "शवारिम," एलोजींनी पुढचे नाव पुकारले. आता तुटक सूर, हुंदक्यांसारखे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी एकही सूर चुकला नाही. मी तर पाथर्डीच्या माळावरचे. इतक्या दूरच्या माणसाला माझे सूर कसे ठाऊक, याचे नवल मला आजही वाटते.

"मेरा बाप... ऐसा ही बोलता," डॉक्टर मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाले.

"मग हे घर तुमचंच. दरसाल या," एलोजी म्हणाले.

डॉक्टर दरसाल येतात. एलोजी आता नाहीत. सुरांची नावे मलकाबाई पुकारतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने वाद्य पडून असेल. त्यावरची धूळ पुसा, आणि ज्याला ते वाजवता येते त्याला घरी बोलवा.